सूचिचिकित्सा, चिनी

शरीराच्या पृष्ठभागावरील ठराविक बिंदूंत बारीक सुया टोचून वेदनाशमन वा रोगनिवारण करण्याची, चीनमध्ये उदय पावलेली उपचारपद्धती. चिनी भाषेत तिला ‘जन-ज्यू’ म्हणतात. या जोडशब्दातील पहिल्या पदाचा अर्थ सुईने टोचणे व दुसऱ्याचा अर्थ वनस्पतीच्या जळत्या लोकरीसारख्या तंतूंनी शेक वा डाग देणे असा आहे. म्हणजे चिनी परंपरेत या दोन क्रिया एकाच विद्येची दोन अंगे मानलेल्या आहेत. जगभर रूढ झालेली ‘ॲक्युपंक्चर’ ही संज्ञा मात्र चिनी नसून ‘सुई’ व ‘टोचणे’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून बनलेली आहे. ती सतराव्या शतकात यूरोपीय वैद्यांनी रूढ केली.

सूचिचिकित्सा ही हजारो वर्षे अखंड व अपरिवर्तित स्वरूपात चालत आलेली विद्या आहे, असा समज चीनमध्ये व चीनबाहेरही आढळतो. उत्खननांत मिळालेली हस्तलिखिते, दरबारी नोंदी व विसाव्या शतकातील कागदपत्रे यांवरून दिसणारे चित्र वेगळे आहे. ही विद्या उपचारांच्या निरनिराळ्या प्रवाहांतून घडली, राजाश्रयाने वाढली, एकोणिसाव्या शतकात दरबारातून हद्दपार झाली आणि आज परिचित असलेल्या स्वरूपात मुख्यतः विसाव्या शतकात नव्याने बांधली गेली. प्राचीनतेमुळे तिच्यावर विश्वास ठेवणारे व प्राचीनतेमुळेच तिला त्याज्य ठरविणारे असे दोन्ही पक्ष या इतिहासाकडे दुर्लक्ष करतात. तिच्या गुणावगुणांचा निर्णय करताना मात्र हा इतिहास ध्यानी घेणे आवश्यक ठरते.

उगम : परंपरेने या विद्येचे जनकत्व पौराणिक ‘पीत सम्राट’ ह्वांगदी याच्याकडे दिले जाते. नवाश्मयुगातील टोकदार दगड हीच आद्य सुई होय, असेही सांगितले जाते. जुन्या ग्रंथांत ‘ब्येन’ नावाच्या दगडी हत्याराचे उल्लेख आहेत. परंतु त्याचा उपयोग मुख्यतः गळवे फोडण्यासाठी व रक्त काढण्यासाठी होत असावा. सूचिचिकित्सेच्या उगमावर खरा प्रकाश पडला तो १९७३ मध्ये. हूनान प्रांतातील छांगशा शहराजवळ मावांगद्वेइ येथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेली वैद्यकीय हस्तलिखिते सापडली. हे थडगे इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेले होते. या हस्तलिखितांत शरीरातून जाणाऱ्या अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, त्यांच्या विकारांची लक्षणे आहेत आणि उपचार म्हणून डाग देण्यास सांगितले आहे. मात्र वाहिन्यांवरील बिंदूंची नावे त्यांत नाहीत व सुया टोचण्याचा उपचारही नाही. हूपेइ प्रांतातील जांगज्याशान येथे १९८३–८४ मध्ये मिळालेल्या, साधारणतः याच काळातील बांबूच्या पट्ट्यांवरील ग्रंथातूनही असेच चित्र दिसते. यावरून वाहिन्यांची कल्पना आधी, डाग देण्याचा उपचार तिच्याबरोबर आणि सूचिवेध नंतर, असा क्रम बहुतेक संशोधक मानतात.

त्यानंतरच्या शतकात सुयांचे पुरावे मिळू लागतात. सीमा छ्येन याच्या शिजी या इतिहासग्रंथात छुन्यू यी या वैद्याचे २५ रुग्णवृत्तांत आले आहेत. त्यांतील काही ठिकाणी सुई टोचल्याचा उल्लेख आहे. हपेइ प्रांतातील मानछंग येथे १९६८ मध्ये उघडलेल्या राजपुत्र ल्यू शंग (मृत्यू इ. स. पू. ११३) याच्या थडग्यात सोन्याच्या चार व चांदीच्या काही सुया सापडल्या असून त्या वैद्यकीय उपयोगाच्या असाव्यात असे समजले जाते. छंगदू शहरातील लाओग्वानशान येथे २०१२–१३ मधील उत्खननात लाखेचा लेप दिलेली एक लहान मानवाकृती मिळाली. तिच्या अंगावर वाहिन्यांच्या रेषा व बिंदू दाखविलेले आहेत.

अभिजात ग्रंथ व तत्त्वे : या विद्येचा आधारग्रंथ म्हणजे ह्वांगदी नेइजिंग होय. सूवन व लिंगशू असे त्याचे दोन भाग आहेत. पीत सम्राट व त्याचे वैद्य यांच्या संवादाच्या रूपात तो रचलेला असला, तरी तो एका लेखकाचा वा एका काळाचा नाही. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत व त्यानंतर निरनिराळ्या परंपरांतील लेखन एकत्र करून तो सिद्ध झाला. त्यामुळे त्यात परस्परविरोधी मतेही शेजारी शेजारी आढळतात.

या ग्रंथातील विचारानुसार शरीरात ‘छी’ नावाचे तत्त्व संचार करते. वायू, वाफ, श्वास, प्राण अशा अनेक छटा या शब्दाला आहेत. यिन् व यांग या परस्परपूरक तत्त्वांचा समतोल आणि लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू व जल या पाच अवस्थांचे परस्परसंबंध यांवर आरोग्य अवलंबून असते. छी व रक्त बारा मुख्य वाहिन्यांतून वाहतात. प्रवाह खुंटला, क्षीण झाला वा उलटा फिरला म्हणजे रोग उद्भवतो. वाहिनीवरील योग्य बिंदूत सुई टोचून हा प्रवाह पूर्ववत करता येतो, असे हे तत्त्व आहे. धडाच्या मध्यरेषेवरील पुढची व मागची अशा दोन वाहिन्या जमेस धरून चौदा वाहिन्या मानण्याची पद्धत ह्वा शौ याच्या १३४१ मधील ग्रंथानंतर रूढ झाली.

या रचनेमागे शवविच्छेदनापेक्षा विश्वरचनेशी साधर्म्य शोधण्याची दृष्टी अधिक होती. लिंगशूमध्ये बारा वाहिन्यांची सांगड चीनमधील बारा जलप्रवाहांशी घातलेली आहे. बिंदूंची संख्या वर्षाच्या दिवसांप्रमाणे ३६५ सांगितली आहे, पण तेवढ्या बिंदूंची नावे मात्र दिलेली नाहीत. कालवे, बंधारे व धान्यकोठारे यांच्यावर उभ्या असलेल्या एकछत्री साम्राज्याची प्रतिमा शरीराच्या या वर्णनात उमटली आहे, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. लिंगशूमध्ये सांगितलेल्या नऊ प्रकारच्या सुयाही लक्षणीय आहेत. त्यांपैकी काही बाणाच्या पात्यासारख्या वा तलवारीसारख्या असून त्या पू वा रक्त काढण्यासाठी होत्या. डासाच्या सोंडेसारखे टोक असलेली बारीक सुई ही या नवांपैकी केवळ एक होती. प्राचीन सूचिचिकित्सा रक्तमोक्ष व किरकोळ शस्त्रक्रिया यांच्या बरीच जवळची होती, हे यावरून स्पष्ट होते.

राजाश्रय व प्रमाणीकरण : विखुरलेले ज्ञान व्यवस्थित मांडण्याचे काम ह्वांगफू मी (२१५–८२) याने केले. त्याच्या जनज्यू ज्या-यी जिंग या ग्रंथात ३४९ बिंदूंची नावे व स्थाने दिलेली आहेत. थांग राजवटीत (६१८–९०७) दरबारी वैद्यकीय संस्थेत सूचिविद्येचे स्वतंत्र अध्यापन सुरू झाले. याच काळातील सुन सिम्याओ या वैद्याने, दाबताच रुग्णाला दुखते ती जागा हाच उपचाराचा बिंदू, असेही एक तत्त्व सांगितले. नकाशातील बिंदू व रुग्णाच्या शरीरावर हाताने शोधलेला बिंदू यांच्यातील हा भेद आजतागायत टिकून आहे.

सुंग राजवटीत सम्राट रन्-जुंग याच्या आज्ञेवरून वांग वेइयी याने बिंदूंचा प्रमाणग्रंथ तयार केला आणि १०२७ मध्ये ब्राँझच्या दोन पूर्णाकृती पुरुषमूर्ती ओतविल्या. त्यांवर ३५४ नावांचे एकूण ६५७ छिद्ररूप बिंदू कोरलेले होते. परीक्षेच्या वेळी मूर्तीवर मेणाचा थर देत व आत पाणी भरीत. विद्यार्थ्याने अचूक जागी सुई टोचली तर पाणी बाहेर येई, असे वर्णन परंपरेने चालत आले आहे. ग्रंथातील मजकूर शिलापट्टांवरही कोरण्यात आला. नकला करताना शिरणाऱ्या चुकांना आळा घालणे, हा या खटाटोपाचा हेतू होता. मूळ मूर्ती पुढे नाहीशा झाल्या. मिंग दरबाराने १४४३ मध्ये नवी मूर्ती घडविली. मिंग काळातील यांग जिचौ याचा जनज्यू दाछंग (१६०१) हा ग्रंथ या सर्व परंपरेचा संग्रह असून पुढील तीन शतके तो प्रमाणभूत मानला गेला.

संलग्न उपचार : सूचिवेधाबरोबर येणारा मुख्य उपचार म्हणजे शेक वा डाग देणे. त्यासाठी लागणारी वनस्पती, भारतातील दवणा ज्या आर्टेमिसिया प्रजातीत मोडतो, त्याच प्रजातीतील आहे. तिची वाळलेली पाने कुटून लोकरीसारखा कापूस तयार करतात व त्याचे लहान शंकू त्वचेवर ठेवून पेटवितात किंवा त्याची कांडी त्वचेजवळ धरतात. ‘मोक्सा’ हे तिचे यूरोपीय नाव जपानी शब्दावरून आलेले आहे. तुंबडी लावण्याचा उपचार मावांगद्वेइ येथील हस्तलिखितांतही आढळतो. तेथे त्यासाठी शिंगाचा उपयोग सांगितला आहे. गुळगुळीत कडेच्या वस्तूने त्वचा खरवडून लाल करणे (ग्वा-शा), मर्दन व सांधे फिरविणे (त्वेइ-ना) आणि श्वसनयुक्त व्यायाम (दाओ-यिन) हे आणखी काही प्रकार होत. दाओ-यिनच्या ४४ आसनाकृतींचे रेशमी चित्र मावांगद्वेइ येथेच मिळाले आहे. आज ‘छी-गुंग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धती या जुन्या व्यायामांवर आधारलेली असली, तरी तिला हे नाव व रुग्णालयीन स्वरूप १९५० च्या दशकात प्राप्त झाले.

चिनी वैद्यकाचा सर्वांत मोठा भाग मात्र नेहमीच औषधिचिकित्सेचा होता, हे विसरता येणार नाही. ली शिजन याच्या १५७८ मध्ये पूर्ण झालेल्या व १५९६ मध्ये छापलेल्या बनछाओ गांगमू या निघंटूत १,८९२ द्रव्यांची माहिती आहे.

ऱ्हास : सतराव्या शतकानंतर सूचिचिकित्सेची प्रतिष्ठा कमी होत गेली. सुशिक्षित वैद्य नाडीपरीक्षा करून काढे लिहून देण्यात भूषण मानीत. सुया टोचणे, रक्त काढणे व अंगाला हात लावणे ही कामे फिरत्या वैदूंची समजली जाऊ लागली. श्यू दाछुन या विख्यात वैद्याने १७५७ मध्ये सूचिविद्येची खरी परंपरा लुप्त झाल्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. अखेर १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने दरबारी वैद्यकीय संस्थेतील सूचिचिकित्सा विभाग कायमचा बंद केला. सम्राटाच्या अंगात सुई टोचणे वा त्याला डाग देणे उचित नाही, असे कारण देण्यात आले. गावोगावच्या उपचारकांत ही विद्या टिकून राहिली. पण दरबारमान्य शास्त्र म्हणून तिचे अस्तित्व संपले. चीनमधील हा निर्णय आणि यूरोपमध्ये तिच्याविषयी निर्माण झालेले कुतूहल या दोन गोष्टी एकाच काळात घडाव्यात, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

जपान व यूरोप : सहाव्या शतकात चिनी वैद्यकग्रंथ कोरियामार्गे जपानमध्ये पोहोचले व ७०१ च्या तायहो संहितेत सूचिवैद्यांच्या पदांची तरतूद झाली. सुगियामा वाइची (१६१०–९४) या अंध वैद्याने बारीक नळीतून सुई टोचण्याची युक्ती प्रचारात आणली. अंधांसाठी त्याने सुरू केलेल्या शिक्षणामुळे सूचिचिकित्सा व मर्दन हे जपानमधील अंध व्यक्तींचे परंपरागत व्यवसाय बनले. नळीची ही पद्धत आज जगभर वापरात आहे.

नागासाकी बंदरातील देशिमा बेटावर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीत १६७४–७६ या काळात वैद्य असलेल्या व्हिलेम टेन ऱ्हायने याने १६८३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात या विद्येची माहिती चित्रांसह दिली. वाहिन्यांचे चिनी नकाशे यूरोपीय शारीराशी जुळत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये लुई बेर्लिओझ (प्रसिद्ध संगीतरचनाकाराचे वडील) व इंग्लंडमध्ये जेम्स चर्चिल यांनी सूचिवेधाचे प्रयोग केले. या वैद्यांनी छी, वाहिन्या हे सर्व बाजूस ठेवून दुखऱ्या जागीच सुया टोचल्या. ही लाट लवकरच ओसरली. विल्यम ऑस्लर याच्या १८९२ च्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकात कटिशूलावरील उपचार म्हणून तिचा उल्लेख मात्र राहिला.

यूरोपातील दुसऱ्या लाटेचे श्रेय फ्रेंच मुत्सद्दी झॉर्झ सूल्ये द मोरां (१८७८–१९५५) याला जाते. ‘वाहिनी’ या अर्थाच्या चिनी शब्दासाठी त्याने ‘मेरिडियन’ म्हणजे भूगोलातील रेखावृत्त आणि ‘छी’ या शब्दासाठी ‘ऊर्जा’ हे प्रतिशब्द योजले. रक्त व छी वाहून नेणाऱ्या मूळ वाहिन्यांचे अशा रीतीने अदृश्य रेषांत रूपांतर झाले. अदृश्य ऊर्जेचे वहन करणाऱ्या रेषा ही आज लोकप्रिय असलेली कल्पना बऱ्याच अंशी या भाषांतरातून आलेली आहे. कानाच्या पाळीवर सर्व शरीराचा नकाशा कल्पिणारी कर्णसूचिचिकित्सा तर पूर्णतः फ्रेंच आहे. ल्यों येथील पॉल नोज्ये या डॉक्टराने ती १९५७ मध्ये मांडली व नंतर ती चीनने स्वीकारली. तळपायाच्या ठराविक जागा दाबण्याची पद्धतीही प्राचीन चिनी म्हणून सांगितली जाते. तथापि तिचे आजचे नकाशे अमेरिकेत विल्यम फिट्झजेराल्ड (१९१७) व यूनिस इंगम (१९३८) यांच्या लेखनातून सिद्ध झाले आहेत.

अस्तित्वाचा संघर्ष : १९११ च्या क्रांतीनंतर चीनमधील सुधारणावाद्यांना पारंपरिक वैद्यक हे देशाच्या मागासलेपणाचे चिन्ह वाटू लागले. जपानमध्ये शिक्षण घेतलेल्या यू यान या डॉक्टराने फेब्रुवारी १९२९ मध्ये नानकिंग सरकारच्या आरोग्य समितीपुढे जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला व तो संमत झाला. उपासमारीचे संकट ओढवलेल्या वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी १७ मार्च १९२९ रोजी शांघायमध्ये देशव्यापी परिषद भरविली, दुकाने बंद ठेवली व शिष्टमंडळ राजधानीला पाठविले. सरकारला प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला. एकमेकांपासून अलग राहणाऱ्या, घराण्याची गुपिते जपणाऱ्या वैद्यांना ‘आपले एक राष्ट्रीय वैद्यक आहे’ ही जाणीव प्रथम या लढ्याने झाली.

याच सुमारास जिआंगसू प्रांतातील चंग दानआन (१८९९–१९५७) याने सूचिचिकित्सेचे पुनरुज्जीवन हाती घेतले. त्याने १९३१ मध्ये पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, वूशी येथे पत्रद्वारा शिक्षण देणारी संस्था काढली व जपानला भेट देऊन तेथील अध्यापनपद्धती पाहिली. जुन्या ग्रंथांतील बिंदू पुष्कळदा रक्तवाहिन्यांच्या निकट होते. त्याने आधुनिक शारीराच्या आधारे तंत्रिकांच्या अनुरोधाने ते नव्याने निश्चित केले आणि जाड सुया व रक्तमोक्ष यांऐवजी बारीक, निर्जंतुक सुयांचा पुरस्कार केला. आज जगात प्रचलित असलेली सूचिचिकित्सा बाह्य स्वरूपात पीत सम्राटाच्या ग्रंथापेक्षा चंग दानआन याच्या पुस्तकाला अधिक जवळची आहे.

साम्यवादी राजवट १९४९ मध्ये सत्तेवर आली, तेव्हा आधुनिक वैद्यकातील डॉक्टर अत्यंत अपुरे होते. पारंपरिक वैद्यांची संख्या मात्र लाखोंच्या घरात होती. दोहोंचे ऐक्य घडवून आणण्याचे धोरण १९५० मध्ये जाहीर झाले. जू ल्येन या आधुनिक वैद्यक शिकलेल्या स्त्री-डॉक्टरने १९५१ मधील आपल्या ग्रंथात यिन्-यांग सिद्धांत वगळून सूचिवेधाचा परिणाम तंत्रिका तंत्राद्वारे समजावून दिला. पुढे राष्ट्रीय अस्मितेला महत्त्व येताच जुने सिद्धांत पुन्हा पाठ्यपुस्तकांत आले. बीजिंग येथे १९५५ मध्ये पारंपरिक वैद्यकाची अकादमी व १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ व छंगदू येथे महाविद्यालये स्थापन झाली. परस्परविरोधी परंपरांतून एकसंध अभ्यासक्रम निवडण्यात आला. ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ हे नावही परदेशी वाचकांसाठी याच काळात रूढ करण्यात आले. माओ त्से-तुंग याने १९५८ मध्ये या वैद्यकाचा महान भांडार म्हणून गौरव केला. तो स्वतः मात्र चिनी औषधे घेत नसे, असे त्याचा वैद्य ली जिस्वी याने १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद केले आहे. १९६८ नंतर खेडोपाडी गेलेल्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या हाती लस व साध्या औषधांबरोबर सुयाही देण्यात आल्या. स्वस्त व सहज उपलब्ध असा उपचार म्हणून त्यांचा उपयोग झाला.

जागतिक प्रसार : अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन याच्यावर जुलै १९७१ मध्ये बीजिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. २६ जुलै रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याने लिहिलेल्या वृत्तान्ताने अमेरिकेत खळबळ उडाली. सुया टोचून बधिरीकरण करून त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, असे पुढे सर्वत्र सांगितले जाऊ लागले. वस्तुतः शस्त्रक्रियेच्या वेळी नेहमीची बधिरीकरणाची औषधे टोचलेली होती. सुयांचा उपयोग नंतर पोटातील वायूमुळे होणाऱ्या अस्वस्थतेवर करण्यात आला आणि रेस्टनने हे स्वच्छपणे लिहिले होते. फेब्रुवारी १९७२ मधील निक्सन-भेटीनंतर पाश्चात्त्य डॉक्टरांना सूचिबधिरीकरणाखालील शस्त्रक्रिया दाखविण्यात आल्या. त्यांसाठी रुग्ण निवडून घेतले जात व पुष्कळदा शामके आणि स्थानिक बधिरके जोडीला दिली जात, हे पुढे स्पष्ट झाले. सांस्कृतिक क्रांतीनंतर चीनमध्येही या प्रकाराचा वापर झपाट्याने घटला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये सूचिचिकित्सा उपयुक्त ठरू शकेल अशा ४३ विकारांची यादी प्रसिद्ध केली. ती नियंत्रित प्रयोगांवर नव्हे, तर चिकित्सकांच्या अनुभवावर आधारलेली होती. याच संघटनेच्या १९९१ च्या प्रमाणित नामावलीत ३६१ बिंदू आहेत. चिनी सूचिचिकित्सा व शेक यांचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

शास्त्रीय परीक्षण : वाहिन्या वा बिंदू यांना समर्पक असे वेगळे शारीर घटक आढळलेले नाहीत. वेदनाशमनाबाबत मात्र काही आधार मिळाला. मेंदूत तयार होणारी अफूसदृश द्रव्ये १९७५ च्या सुमारास ओळखली गेली. त्यानंतर टोराँटो येथील ब्रूस पॉमेरान्झ व बीजिंग येथील हान जिशंग यांच्या प्रयोगांतून सूचिवेधाने ही द्रव्ये स्रवतात असे दिसून आले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या १९९७ च्या परिषदेने शस्त्रक्रियेनंतरची व कर्करोगावरील औषधांमुळे होणारी मळमळ आणि दातांवरील शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना यांबाबत अनुकूल मत दिले.

सर्वांत बोधप्रद ठरली ती २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली जर्मनीतील चाचणी. तीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनंतर परंपरेनुसार सुया टोचलेल्या गटातील ४७·६ टक्के, बिंदू नसलेल्या जागी उथळ सुया टोचलेल्या गटातील ४४·२ टक्के आणि व्यायाम व औषधे यांचे नेहमीचे उपचार दिलेल्या गटातील २७·४ टक्के रुग्णांना गुण आला. सुया टोचून घेतलेल्यांना अधिक आराम वाटला हे खरे. परंतु सुई कोठे टोचली याला फारसे महत्त्व नव्हते. म्हणजे ज्या नकाशासाठी सुंग सम्राटाने ब्राँझच्या मूर्ती ओतविल्या, तोच या चाचणीत गौण ठरला. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली. २०२१ मध्ये मात्र काही प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी या उपचाराचा पर्याय पुन्हा मान्य केला. कर्करोग, मधुमेह, संसर्गजन्य रोग इ. विकार केवळ सुयांनी बरे होतात याला आधार नाही. अशा रुग्णांनी त्यावर विसंबून आवश्यक उपचार लांबविणे हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका होय. निर्जंतुक नसलेल्या सुयांमुळे कावीळ व इतर संसर्ग होऊ शकतात. छातीवर खोल टोचल्यास क्वचित फुप्फुसाला छिद्र पडते.

याच्या उलट उदाहरण औषधिचिकित्सेत सापडते. हिवतापावरील औषध शोधताना तू यूयू या संशोधिकेला चौथ्या शतकातील ग हुंग याच्या ग्रंथात आर्टेमिसिया ॲन्युआ ही वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची सूचना आढळली. तीवरून उष्णतेचा वापर टाळून तिने व तिच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये आर्टेमिसिनीन वेगळे केले. या कार्यासाठी तिला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाने येथे दिशा दाखविली. निर्णय मात्र प्रयोगाने दिला.

भारत : सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मे हीच सूचिचिकित्सेची मूळ बिंदुस्थाने होत, असे कधीकधी प्रतिपादिले जाते. मर्मे ही आघात झाल्यास प्राणघातक वा अपायकारक ठरणारी स्थाने असून शस्त्रकर्मात ती टाळावयाची असतात; चिनी बिंदू टोचण्यासाठी असतात. अग्निकर्म, सिरावेध व तुंबडी या उपचारांचे साम्य लक्षणीय असले, तरी एकाने दुसऱ्याकडून ते घेतल्याचा निर्णायक पुरावा नाही.

आधुनिक भारतात ही विद्या आली ती १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाच्या संबंधातून. या पाच जणांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर हे होते. कोटणीसांचे नाव पुढे सूचिचिकित्सेच्या संस्थांना देण्यात आल्यामुळे ते या विद्येचे उपासक होते असा समज होतो. वस्तुतः ते शल्यचिकित्सक होते व आघाडीवरील जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये त्यांचे निधन झाले. पथकातील त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये सूचिचिकित्सा शिकून कलकत्त्यात तिचा प्रसार केला. पश्चिम बंगाल राज्याने १९९६ मध्ये व महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या व्यवसायाच्या नियमनाची तरतूद केली. केंद्र शासनाने २००३ मध्ये उपचारप्रकार म्हणून व २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून तिला मान्यता दिली.

शासनमान्यतेने अपात्र व्यक्तींना आळा बसतो व निर्जंतुकीकरणाचे नियम लागू करता येतात. उपचाराची परिणामकारकता मात्र तिने सिद्ध होत नाही. सूचिचिकित्सा दरबाराच्या आज्ञेने वाढली, दरबाराच्याच आज्ञेने बंद झाली आणि विसाव्या शतकात पुन्हा शासनाच्या धोरणाने उभी राहिली. तिच्यात प्रत्येक पिढीने बदल केले, हे तिचे वैगुण्य नव्हे. चंग दानआन याने बारीक सुया व निर्जंतुकीकरण स्वीकारले, म्हणूनच ती आज पुष्कळशी निर्धोक आहे. प्राचीन वैद्यकाचा अभिमान बाळगणाऱ्या कोणत्याही समाजाला या इतिहासातून एवढे निश्चित शिकता येते, की परंपरेचा आदर व तिची कठोर परीक्षा यांत विरोध नसून परीक्षेला उतरलेला भागच रुग्णाच्या उपयोगी पडतो.